निमित्ताच्या शोधात

मूल आजारी पडले की घरात पहिला प्रश्न येतो 'काय झाले?' आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, 'कशाने झाले?' पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे बहुतेकदा घरातच तयार होते. परवा लग्नाला नेले होते, गारवा लागला, दात येताहेत, लस टोचून आणली होती, कुणाची तरी दृष्ट लागली. साध्या सर्दी-तापात हे उत्तर बरोबर असो वा चूक, फारसे अडत नाही. तीन दिवसांत ताप उतरतो, मूल खेळायला लागते आणि विषय मिटतो. पण पाचवा दिवस उजाडला तरी ताप हटत नाही, डोळे लालबुंद झालेत, ओठांना भेगा पडल्यात आणि डॉक्टर हृदयाची टू-डी इको तपासणी सांगतात, तेव्हा तोच प्रश्न आईबापांच्या मनात घर करून बसतो. मूल बरे होऊन शाळेत जाऊ लागले तरी तो जात नाही. 'डॉक्टर, आमचे काय चुकले?' या शब्दांत तो बालरोगतज्ज्ञांना वारंवार ऐकावा लागतो.

हे पुस्तक त्या प्रश्नाला दिलेले प्रामाणिक उत्तर आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आतून दाह होणाऱ्या आजारांना वैद्यकात व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. मुलांमध्ये त्याचे अनेक प्रकार दिसतात. त्यांतल्या कावासाकी आजाराला या पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत. प्रगत देशांत मुलांना जन्मानंतर जडणाऱ्या हृदयविकारांचे ते आज पहिल्या क्रमांकाचे कारण आहे, आणि साठ वर्षांहून अधिक काळ शोध घेऊनही त्याचे नेमके निमित्त हाती लागलेले नाही. ही शोधकथा अपुरी असली तरी पोकळ नाही. तिने दोन गोष्टी पक्क्या केल्या आहेत. एक, आईबापांच्या हातून काही चुकले म्हणून हा आजार होत नाही. दोन, उपचाराने निमित्त सापडण्याची वाट पाहायची नसते. पुस्तकातली बाकीची सगळी माहिती या दोन गोष्टींच्या आधारासाठी आहे.

जानेवारी १९६१. टोकियोच्या हिरोओ भागातल्या रेडक्रॉस रुग्णालयात डॉ. तोमिसाकु कावासाकी यांच्यासमोर चार वर्षांचा एक मुलगा आला. खूप ताप, अंगभर पुरळ, लाल डोळे, सुकून फुटलेले ओठ, मानेत गाठ. स्कार्लेट फीव्हर म्हणावा तर पेनिसिलिनने फरक पडेना. मुलगा पुढे आपोआप बरा झाला. पण कावासाकींनी त्याची नोंद मिटवली नाही. पुढच्या वर्षी तशीच लक्षणे असलेले दुसरे मूल आले, मग आणखी काही. सहा वर्षे ते एकेका मुलाची बारीकसारीक टिपणे ठेवत गेले. १९६७ मध्ये त्यांनी पन्नास मुलांचा सविस्तर लेख जपानी भाषेत प्रसिद्ध केला. तोपर्यंत या आजाराने कायमचे काही बिघडत नाही असाच समज होता. १९७० मध्ये जपानने देशभर पाहणी केली, तेव्हा बरी होता होता अचानक दगावलेली मुले समोर आली. शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांना फुगे आलेले आणि त्यांत रक्त साकळलेले दिसले. याच सुमारास हवाई बेटांवर मेरियन मेलिश आणि राकेल हिक्स या डॉक्टर जपानमधले काम माहीत नसताना हाच आजार ओळखू लागल्या होत्या. १९७४ मध्ये कावासाकींचा लेख इंग्रजीत आला आणि जगभरच्या बालरोगतज्ज्ञांना आपापल्या वॉर्डातली जुनी मुले आठवली.

आजार तेव्हाच नव्याने जन्मला असेल, असेही नाही. १८७१ मध्ये लंडनच्या सॅम्युअल जी यांनी सात वर्षांच्या मुलाच्या शवविच्छेदनात कोरोनरी धमन्यांचे असेच फुगे पाहून नोंदवले होते. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या धमन्यांचा एक जीवघेणा आजार वेगळ्या नावाने ओळखला जाई. पुढे त्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या, तेव्हा तो आणि कावासाकीने दगावलेल्या मुलांमधला आजार वेगळे काढता येईनात. म्हणजे निमित्त जे काही असेल, ते फक्त युद्धोत्तर जपानच्या कारखान्यांत किंवा नव्या रसायनांत शोधून चालणार नाही.

या आजारात शरीरात काय घडते ते जवळून पाहायला हवे. दोन वर्षांच्या मुलाची मुख्य कोरोनरी धमनी आतून जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर रुंद असते. ताप सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभरात तिच्या भिंतीत पांढऱ्या पेशींची गर्दी होते. भिंतीला ताण सोसण्याची ताकद देणारे लवचिक पदर तुटू लागतात. रक्ताचा दाब मात्र दर ठोक्याला तितकाच येत राहतो. दहाव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास ती कमकुवत भिंत फुगते. आठ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा फुगा असेल तर त्यात रक्त साकळण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो. उपचार झाले नाहीत तर चारातल्या एका मुलाच्या कोरोनरी धमन्यांना इजा होते; वेळेत उपचार झाले तर हे प्रमाण विसात एकाच्या आसपास येते. या दोन आकड्यांमधले अंतर तापाच्या पहिल्या दहा दिवसांत ठरते.

बाहेरून दिसणारी लक्षणे तशी ठळक असतात: पाच दिवस किंवा अधिक ताप, चिपडे न येता लाल झालेले दोन्ही डोळे, लालभडक ओठ आणि दाणेदार जीभ, अंगावर पुरळ, हातापायांच्या पंजांना सूज आणि लाली, मानेत एका बाजूला मोठी गाठ. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची, नखाच्या कडेपासून सुरू होऊन, साल निघते. आपल्याकडच्या मुलांत आणखी एक खूण सापडते, आणि ती बघायला काहीच खर्च येत नाही. जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजीची लस देतात, तिचा वण काही मुलांत या तापात अचानक लाल होतो, सुजतो, कधी त्यावर खपली धरते. जपानमध्येही बीसीजी देतात, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना ही खूण चांगली परिचयाची आहे. अमेरिकेत ही लस सरसकट देत नाहीत, म्हणून तिथल्या पाठ्यपुस्तकांवर वाढलेल्या आपल्या डॉक्टरांचे तिच्याकडे लक्ष जातेच असे नाही. तापलेल्या बाळाची बाही वर करून दंड पाहणे ही सवय आपण प्रत्येकाने लावून घ्यावी.

आता निमित्ताकडे येऊ. जिवाणू-विषाणू हाती लागत नसेल तर आजाराच्या चालीवरून माग काढावा लागतो. कावासाकी आजाराची चाल फार बोलकी आहे. पाचातली चार मुले पाच वर्षांच्या आतली असतात. तीन महिन्यांच्या आतली बाळे क्वचितच सापडतात, आणि प्रौढ माणसे जवळजवळ नाहीतच. याचा सरळ अर्थ असा लागतो की निमित्त सगळीकडे पसरलेले, सगळ्यांना भेटणारे असावे. पहिले काही महिने आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाला राखतात, आणि मोठे होईपर्यंत बहुतेकांना स्वतःची प्रतिकारशक्ती आलेली असते. एकदा होऊन गेलेल्यांत पुन्हा होण्याचे प्रमाण जपानमध्ये शंभरात तीनच्या आसपास आहे. जपानमध्ये १९७९, १९८२ आणि १९८६ मध्ये साथी आल्या, त्याही लाटेसारख्या पुढे सरकत. घरात एका मुलाला झाला तर भावंडाला होण्याचा धोका इतरांच्या दसपट, आणि ती भावंडे बहुधा पहिल्या मुलापाठोपाठ थोड्याच दिवसांत आजारी पडतात. उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात रुग्ण वाढतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये घटतात. या सगळ्या खुणा संसर्गाकडे बोट दाखवतात. तरी आजार एका मुलाकडून दुसऱ्याकडे थेट लागल्याचे दिसत नाही. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या मुलाला तो होत नाही. इथेच कोडे घट्ट बसते.

गेल्या पन्नास वर्षांत संशयित पुष्कळ उभे केले गेले. जपानी घरांतल्या तातामी चटयांमधल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांवर, त्यांच्या अंगातल्या जिवाणूंवर बोट ठेवले गेले. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका उद्रेकात आजारी मुलांच्या घरी नुकतेच गालिचे शाम्पूने धुतल्याचे आढळले. नंतरच्या काही पाहण्यांत हा संबंध दिसला, काहींत अजिबात दिसला नाही. पाऱ्याची विषबाधा झालेल्या मुलांचे हातपाय लाल होऊन साल निघते, म्हणून पाराही तपासला गेला. ऐंशीच्या दशकात रेट्रोव्हायरसच्या खुणा सापडल्याची बातमी आली. इतर प्रयोगशाळांना त्या मिळाल्या नाहीत. नव्वदीत असा विचार पुढे आला की काही स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंची विषद्रव्ये प्रतिकारपेशींच्या मोठ्या गटाला एकदम भडकवत असतील. काही अभ्यासांनी दुजोरा दिला, काहींनी नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये एका कोरोना विषाणूवर संशय आला. दुसरीकडच्या मुलांत तो टिकला नाही. हा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. एका गावात, एका वर्षी, थोड्या मुलांत जुळलेला संबंध म्हणजे कारण नव्हे. तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या हातांनी तपासल्यावर टिकला, तरच त्याला वजन येते. ही कसोटी पुस्तकात प्रत्येक संशयिताला लावलेली आहे, आणि समाजमाध्यमांवरून फिरणाऱ्या आरोग्यसल्ल्यांनाही वाचकांनी ती लावावी.

दोन शोधमार्ग अजून चालू आहेत आणि त्यांच्याकडे मी आशेने पाहतो. पहिला शिकागोच्या ॲन राउली यांचा. दगावलेल्या मुलांच्या धमन्यांच्या भिंतीत त्यांना आयजीए प्रकारची प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी आढळल्या. आयजीए हे श्वासमार्ग आणि आतड्यांच्या अस्तराची राखण करणारे प्रतिपिंड. ते इथे काय करते आहे? त्यावरून, निमित्त श्वासावाटे शरीरात येत असावे असा तर्क त्यांनी मांडला. पुढे या पेशींच्या आधारे प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडे मुलांच्या श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींमधल्या बारीक कणांना जाऊन चिकटली. ते कण एखाद्या अनोळखी विषाणूचे अवशेष असावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. त्या विषाणूची ओळख मात्र अजून पटलेली नाही.

दुसरा मार्ग आकाशातून जातो. सॅन दिएगोच्या जेन बर्न्स आणि बार्सिलोनाचे हवामानशास्त्रज्ञ झेवियर रोदो यांनी जपानमधल्या रुग्णांच्या दशकांच्या नोंदी वाऱ्यांच्या नकाशांशेजारी ठेवल्या. २०११ मध्ये त्यांनी दाखवले की मध्य आशियाकडून जपानकडे वारे जोरात वाहतात तेव्हा रुग्ण वाढतात. हवाई आणि सॅन दिएगोमध्येही वाऱ्यांशी असा संबंध दिसतो. २०१४ मध्ये त्यांनी उगमाचा माग ईशान्य चीनमधल्या शेतजमिनींपर्यंत नेला आणि वारा पोहोचल्यापासून काही तासांत ते अडीच दिवसांत ताप येत असावा, असा हिशेब मांडला. विमानातून जपानवरच्या हवेचे नमुने घेतले, तेव्हा बुरशीच्या जातींत कॅन्डिडाचे प्रमाण लक्षणीय आढळले. कॅन्डिडा बुरशीच्या अर्काने उंदरांत कोरोनरी धमन्यांचा दाह होतो, हे प्रयोगशाळेत आधीपासून माहीत होते. पण कावासाकी झालेल्या मुलांच्या रक्तात ही बुरशी वाढताना दिसत नाही. मग वाऱ्यातून जिवंत जंतू येतो, की त्याचे विषद्रव्य, की नुसता भडकवणारा कण? हे मोकळेच राहिले आहे.

मग २०२० साल आले, आणि कुणालाही करता आला नसता असा एक प्रयोग जगभर आपोआप घडला. शाळा बंद झाल्या, चेहऱ्यांवर मास्क आले, मुले घरात राहिली. जपानमध्ये त्या वर्षी कावासाकीचे रुग्ण आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने घटले. श्वासावाटे पसरणारे इतर नेहमीचे संसर्गही तेव्हा ओसरले होते. वारे मात्र थांबले नव्हते. याने वाऱ्याचा सिद्धांत मोडला असे म्हणता येत नाही, कारण मास्क वाऱ्यातले कणही अडवतो. तरी मुलांच्या रोजच्या सहवासातून फिरणाऱ्या संसर्गाचा पक्ष मजबूत झाला, हे मान्य करावे लागेल.

त्याच वर्षी उलट दिशेने दुसरी घटना घडली. इटलीत बर्गामोच्या डॉक्टरांनी १८ फेब्रुवारी ते २० एप्रिल २०२० या दोन महिन्यांत कावासाकीसारखा आजार झालेली दहा मुले पाहिली. त्याआधीच्या पाच वर्षांत मिळून तिथे एकोणीस रुग्ण होते. एप्रिलच्या मध्याला लंडनमध्ये दहा दिवसांत अशी आठ मुले दाखल झाली. पुढे मुंबई-पुण्याच्या बालरुग्णालयांतही ती आली. हा पुढे एमआयएस-सी म्हणून ओळखला गेलेला आजार. तो कावासाकीहून वेगळा आहे: मुले मोठी, बहुधा आठ-नऊ वर्षांची, पोटदुखी, जुलाब जास्त, हृदयाचा स्नायूच दमलेला. पण त्याने एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली. इथे निमित्त माहीत होते: कोरोना विषाणू. लाखो मुलांना तो होऊन गेला, बहुतेकांना नुसती सर्दी झाली किंवा तीही नाही. फार थोड्यांच्या शरीराने, संसर्ग ओसरून दोन ते सहा आठवडे झाल्यावर, स्वतःच्या रक्तवाहिन्या आणि हृदयावर धाव घेतली. नेहमीच्या संसर्गाला एखाद्या मुलाचे शरीर इतके वेगळे उत्तर देऊ शकते, याचा इतका ढळढळीत पुरावा आधी नव्हता.

ते वेगळेपण काही अंशी जनुकांत असते. जपानमध्ये पाच वर्षांखालच्या एक लाख मुलांमागे दरवर्षी तीनशेहून अधिक मुलांना कावासाकी होतो, अमेरिकेत वीस-पंचवीस जणांना. हवाईमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, अमेरिकी अन्न खाणाऱ्या, अमेरिकी शाळांत जाणाऱ्या जपानी वंशाच्या मुलांतही तो तिथल्या गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी प्रतिकारपेशींना लगाम घालणाऱ्या एका जनुकातला फरक शोधला. ज्यांचा हा लगाम सैल, त्यांना आजाराचा आणि कोरोनरी इजेचाही धोका जास्त. नंतर असे आणखी काही जनुकफरक सापडले. त्यांतला कोणताही एकटा आजार घडवत नाही. तो नुसता कल ठरवतो.

या सगळ्यातून माझ्या मनात उमटलेले चित्र असे आहे. दुधात चमचाभर विरजण घातले आणि सकाळी घट्ट दही झाले, की त्या दह्यात घातलेला चमचा वेगळा काढून दाखवता येत नाही. ताप पाचव्या दिवसावर पोहोचलेले मूल आमच्याकडे येते तेव्हा निमित्ताचे तसेच झालेले असते. ते आपले काम करून गेलेले असते. उरते ती शरीराने उभारलेली लढाई, आणि आम्ही तपासतो ती लढाई. म्हणून एकच निमित्त असावे हा हट्टही आता अनेक संशोधकांनी सोडला आहे. वेगवेगळे, अगदी साधे जंतूही कल असलेल्या मुलात एकाच वाटेने जाऊन धमन्यांपर्यंत पोहोचत असतील, हे आज सर्वांत पटण्याजोगे वाटते.

या विचाराला बळ देणारे दाखले मुलांच्या इतर व्हॅस्क्युलायटिसमध्ये मिळतात, म्हणून त्यांची प्रकरणे कावासाकीच्या शेजारीच ठेवली आहेत. आयजीए व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे जुन्या डॉक्टरांचा हेनॉख-शॉनलाइन परप्युरा, मुलांत सर्वाधिक आढळतो. पाय आणि कुल्ल्यांवर बोटाला लागतील असे जांभळे-लाल चट्टे, सांधेदुखी, पोटात कळा. यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना आधीच्या दोन-तीन आठवड्यांत सर्दी किंवा घसादुखी होऊन गेलेली असते. बहुतेक मुले आपोआप बरी होतात. पण मूत्रपिंडाला इजा झालेली चुकू नये म्हणून काही महिने लघवी तपासत राहावी लागते. पॉलिआर्टरायटिस नोडोसा या गंभीर आजाराचे एक निमित्त पक्के सापडले: हिपॅटायटिस बी. लसीकरण जसे पसरले, तसे त्या विषाणूमुळे होणारे रुग्ण कमी झाले. भारतात ही लस २०११ पासून देशभरच्या सार्वत्रिक लसीकरणात आली. निमित्त सापडले तर काय साधता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मोठ्या धमन्यांना होणाऱ्या ताकायासू आजारात क्षयाचा संबंध भारतात पूर्वीपासून तपासला जातो. धमन्यांच्या नमुन्यांत काहींना क्षयाच्या जंतूंच्या खुणा मिळाल्या, काहींना नाहीत. तो वाद मिटलेला नाही. पण मुलाचा रक्तदाब वाढलेला असेल तर चारही हातापायांच्या नाड्या चाचपून पाहणे, हे त्या प्रकरणाचे सार आहे.

पालकांच्या मनातल्या निमित्तांबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. लसीमुळे कावासाकी होतो का, हे अमेरिकेत लाखो मुलांच्या नोंदी घेऊन तपासले गेले. धोका वाढल्याचे दिसले नाही. कुठल्या अन्नामुळे, गारव्यामुळे, बाळाला बाहेर नेल्यामुळे हा आजार होतो, असा पुरावा नाही. उलट उपचारानंतर लसीबाबत एक काळजी घ्यावीच लागते: इम्युनोग्लोब्युलिन हे प्रतिपिंडांचे औषध दिल्यावर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी साधारण अकरा महिने पुढे ढकलतात, कारण शिरेतून दिलेली प्रतिपिंडे त्या लसींचे काम होऊ देत नाहीत. हे लसीकरणाच्या कार्डावर लिहून घ्यावे.

आपल्याकडे हा आजार होत नाही, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत डॉ. सुरजित सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून शहरातल्या रुग्णांची नोंद ठेवली. २००७ मध्ये तिथे पंधरा वर्षांखालच्या एक लाख मुलांमागे साडेचार रुग्ण मिळाले, दशकभरापूर्वी त्याहून कितीतरी कमी मिळत होते. वाढ आजाराची, की डॉक्टरांच्या नजरेची? बहुधा दोन्हींची. महाराष्ट्रात मूल आमच्यापर्यंत पोहोचण्याआधी लक्षणांना दुसरी नावे मिळालेली असतात. लाल डोळे म्हणजे 'डोळे आले', पुरळ म्हणजे 'गोवर निघाला', फुटलेले ओठ आणि साल निघालेली बोटे म्हणजे 'अंगात उष्णता झाली'. दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू झालेले असते, म्हणून चौथ्या दिवशीचे पुरळ औषधाच्या ॲलर्जीत जमा होते. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. शिवाय सगळी लक्षणे एकाच दिवशी हजर नसतात. आज पुरळ आहे, उद्या ते मावळते आणि परवा पंजे सुजतात. म्हणून आईला नुसते 'आता काय होते आहे?' असे विचारून भागत नाही, 'तापाच्या पहिल्या दिवसापासून काय काय दिसले?' असे विचारावे लागते. मोबाईलमधले रोजचे फोटो इथे फार उपयोगी पडतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत तर लक्षणे अपुरी आणि कोरोनरी इजेचा धोका सर्वांत जास्त. कारण न सापडणारा ताप त्यांना आठवडाभर राहिला, तर कावासाकीचा विचार झालाच पाहिजे.

आणि उपचार? निमित्त माहीत नसताना उत्तम उपचार मिळाला, हे या आजाराच्या इतिहासातले सर्वांत दिलासा देणारे पान आहे. १९८४ मध्ये जपानमधल्या केन्शी फुरुशो यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर कोरोनरी इजा कमी होते असे दाखवले. १९८६ मध्ये बोस्टनच्या जेन न्यूबर्गर आणि सहकाऱ्यांनी त्याला पक्का पुरावा दिला, आणि १९९१ पासून किलोमागे दोन ग्रॅमचा एकच डोस रूढ झाला. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्रतिपिंडांपासून बनते. दहा किलोच्या बाळाला वीस ग्रॅम लागते, दहा-बारा तासांत ते हळूहळू शिरेतून जाते, आणि अनेकदा दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला असतो. दहातल्या एक-दोन मुलांना ते पुरत नाही. त्यांना स्टेरॉइड किंवा इतर औषधे द्यावी लागतात. औषध महाग आहे, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. ते पहिल्या दहा दिवसांत प्रत्येक गरजू मुलाला मिळावे, यासाठी सार्वजनिक रुग्णालयांत त्याचा साठा असणे हा या पुस्तकाचा आग्रह आहे.

हे लेखन पालकांसाठी आहे, आणि मूल प्रथम ज्यांच्याकडे येते त्या फॅमिली डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी, आशा कार्यकर्त्यांसाठीही. निमित्ताची प्रकरणे क्रमाने वाचावीत, कारण एका संशयिताचे काय झाले ते पुढच्याच्या तपासात उपयोगी पडते. घरात आत्ता तापलेले मूल असेल तर मात्र सरळ लक्षणांच्या आणि उपचाराच्या प्रकरणाकडे जावे. शोधाचा इतिहास थांबेल, ताप थांबत नाही.

या शोधात महाराष्ट्राला देण्यासारखे काही आहे, असे मला ठामपणे वाटते. आजवरचे बहुतेक आकडे जपान, कोरिया, अमेरिका, युरोप इथले, म्हणजे चार ऋतूंच्या थंड प्रदेशांतले आहेत. चंडीगडला रुग्ण ऑक्टोबरमध्ये वाढतात आणि फेब्रुवारीत घटतात, हे जपानच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. आपल्याकडे वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. जूनपासून अरबी समुद्रावरून येणारा, हिवाळ्यात जमिनीकडून येणारा. कोकणातला पाऊस आणि मराठवाड्यातला पाऊस एक नाही, शाळा सुरू होण्याचा आणि सर्दी-तापाच्या साथीचा हंगाम एकच आहे. वारा, पाऊस, धूळ, शाळा, साथ यांतले काय रुग्णसंख्येबरोबर हलते, हे वेगळे काढायला इतकी चांगली भूमी थोडी असेल. त्यासाठी परदेशी यंत्रे लागत नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात निदान झालेल्या प्रत्येक मुलाचे वय, गाव, ताप सुरू झाल्याची तारीख, आधीच्या महिन्यातला आजार, भावंडांची प्रकृती आणि इकोचा अहवाल एका नमुन्यात लिहिला जावा, आणि तो एका ठिकाणी जमा व्हावा. कावासाकींनी सुरुवात एवढ्याच सामग्रीवर केली होती. अशी राज्यव्यापी नोंद उभी करण्याची वेळ आली आहे. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आणि आरोग्य विभागाने ती मनावर घ्यावी. तोवर ताप पाचव्या दिवशी उतरला नाही तर वाचकांनी डॉक्टरांना बिनधास्त विचारावे, 'हा कावासाकी असू शकेल का?' त्या प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही, आणि एखाद्या मुलाचे हृदय वाचते.